बुरशीचा जठराग्नी

पावसाळ्यात कोकणातल्या घरी पेटीतील वहाणांवर, लोणच्याच्या बरणीच्या काठावर किंवा कचेरीतल्या जुन्या दप्तरांच्या बासनांवर जी हिरवट-करडी लव उगवते, तिच्याविषयी गृहिणीपासून कारकुनापर्यंत कोणाच्याही मनात आदर नसतो. आणि तिने चालविलेला नाश पाहता तो नसणे स्वाभाविकही आहे. परंतु त्या नाशाची रीत एकदा ध्यानात घेतली, म्हणजे गेल्या सव्वाशे वर्षांत मनुष्याने या उपद्रवी जिवाला कारखान्याच्या चाकरीस का लावले, याचा उलगडा होऊ लागतो. आपण अन्न आधी पोटात घेतो आणि मग पचवितो. बुरशी ते आधी पचविते आणि मग पोटात घेते. तिच्या सूक्ष्म तंतूंना मुख नाही की जठर नाही. ते ज्यावर पसरतात त्यावरच आपली पाचक द्रव्ये, म्हणजे शास्त्राच्या परिभाषेत विकरे आणि कारखानदारांच्या बोलीत एन्झाइमे, स्रवतात, पिष्टाची साखर आणि प्रथिनांची अमिनो आम्ले करून टाकतात आणि विरघळलेला अंश तेवढा शोषून घेतात. हा जठराग्नी देहाबाहेर प्रज्वलित असतो. आणि जे देहाबाहेर आहे ते, पेशी फोडण्याचा खटाटोप न करता, नुसते गाळून घेता येते. या धंद्याचे सारे अर्थकारण या एका शरीरधर्मावर उभे आहे.

जपानी लोकांना हे शास्त्र म्हणून नव्हे, तर हातची विद्या म्हणून शतकानुशतके अवगत होते. वाफवलेल्या तांदळावर ‘ॲस्परजिलस ओरायझी’ ही बुरशी वाढवून ते जे ‘कोजी’ तयार करीत, त्याच्या बळावर तांदळाचे मद्य आणि सोयाबीनचा सॉस सिद्ध होत असे. या विद्येला पाश्चात्त्य कारखान्याच्या दारी नेण्याचे श्रेय जोकिची ताकामिने या गृहस्थाकडे जाते. १८५४ साली ताकाओका येथे जन्मलेल्या या मुलाचा पिता वैद्य आणि मातेचे माहेर मद्य गाळणाऱ्यांचे. म्हणजे औषध आणि कोजी ही दोन्ही त्याला घरातूनच लाभली, असे म्हणावयास हरकत नाही. तोक्योत अभियांत्रिकीचे शिक्षण पुरे करून सरकारी खर्चाने तो ग्लासगोस गेला, पुढे न्यू ऑर्लिन्सच्या प्रदर्शनाच्या कामगिरीवर गेला आणि कालांतराने तेथील एका अमेरिकन कुटुंबाचा जावई झाला, आणि १८९० साली बिऱ्हाड हलवून अमेरिकेत दाखल झाला तो एक धाडसी तजवीज मनात बाळगूनच.

व्हिस्की गाळणारे अमेरिकन कारखानदार धान्यातील पिष्टाची साखर करण्यासाठी मोड आणलेले सातू, म्हणजे माल्ट, वापरीत. सातू भिजवावयाचे, मोड येऊ द्यावयाचे, मग वाळवावयाचे, यात दिवस जात आणि चांगले धान्य खर्ची पडे. ताकामिनेचे म्हणणे असे की, पिठाच्या गिरणीत उरणाऱ्या गव्हाच्या कोंड्यावर कोजीची बुरशी वाढविली, तर तेच काम थोड्या अवधीत आणि स्वस्तात होईल. इलिनॉय प्रांतातील पिओरिया हे त्या काळी व्हिस्कीच्या व्यापाराचे ठाणे. तेथे प्रयोगास मक्तेदारांचा पाठिंबाही मिळाला. परंतु ज्यांचे पोट माल्टवर चालत होते त्यांनी या परकी बुरशीविरुद्ध गहजब केला, कारखान्यास आग लागून सरंजाम भस्मसात झाला, आणि खुद्द ताकामिने यकृताच्या विकाराने अंथरुणास खिळला. शोधकाच्या नशिबी असे प्रसंग येतातच, असे म्हणून आपण पुढे जातो. पण येथे त्याची व्यावहारिक बुद्धी विलक्षण म्हटली पाहिजे. मद्याच्या पिंपात जे विकर शिरू शकले नाही, ते त्याने औषधाच्या बाटलीत घातले. सप्टेंबर १८९४ मध्ये त्याला त्या विकराच्या निर्मितीचे पेटंट मिळाले, आणि डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीने ‘टाका-डायास्टेज’ या नावाने ते अपचनावरील औषध म्हणून बाजारात आणले. पिष्टान्नाने पोट जड होणाऱ्या साऱ्या जगाला ते मानवले. यानंतर ॲड्रेनलिन शुद्ध स्वरूपात वेगळे केल्यामुळे त्याची कीर्ती अधिक दूरवर पोचली. परंतु माझ्या मते त्याचे मोठे कार्य कोंड्यावरच्या बुरशीचेच.

दुसरा अध्याय नाशातून सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातील सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे तंबू, पट्टे आणि सुती कपडे दमट हवेत कुजू लागले, तेव्हा सैन्याला रसद पुरविणाऱ्या क्वार्टरमास्टर खात्याने या चोरट्या शत्रूंचा शोध घेण्याचा हुकूम काढला. हजारो बुरशी गोळा झाल्या, त्यांना क्रमांक पडले. त्यांतील ‘क्यूएम ६ए’ या क्रमांकाची बुरशी कापसावर विलक्षण त्वेषाने तुटून पडत असे. शास्त्रज्ञ एल्विन रीझ आणि त्यांचे सहकारी यांनी १९५० साली असे प्रतिपादन केले की, नैसर्गिक सेल्युलोज, म्हणजे कापसाच्या धाग्याचे मूळ द्रव्य, एका विकराने तुटत नाही. एकाने त्याची घट्ट रचना आधी सैल करावयाची आणि मग दुसऱ्याने साखळ्या तोडावयाच्या. तपशील पुढे पुष्कळ बदलला. आज आपण जाणतो की, एक विकर साखळी मध्येच कुठेतरी छेदते, दुसरे तिचे मोकळे टोक, सुताचे टोक सुईच्या नेढ्यात ओवावे तसे, आपल्या अंगच्या बोगद्यात ओढून घेऊन ग्लुकोजच्या दोन-दोन घटकांचे तुकडे पाडते, आणि तिसरे त्या तुकड्यांचे शुद्ध ग्लुकोज करते. परंतु सहकार्याची मूळ कल्पना टिकली, आणि १९७७ साली या बुरशीला ‘ट्रायकोडर्मा रीझी’ हे नाव देऊन शास्त्रज्ञांनी रीझ यांचा उचित गौरव केला.

सेल्युलोज समोर असल्यावाचून ही बुरशी ती विकरे फारशी करीत नाही, हेही तिच्या स्वभावातले. त्या निर्मितीस चेतना देणारी एक द्विशर्करा मेरी मँडेल्स, पॅरिश आणि रीझ यांनी १९६२ साली ओळखली. १९७३ च्या तेलसंकटाने या साऱ्या संशोधनाची दिशाच फिरविली: जे ज्ञान कापूस वाचविण्यासाठी मिळविले होते, त्याच ज्ञानाने काष्ठ आणि पेंढा यांची साखर करून इंधन मिळविण्याचा विचार सुरू झाला. रटगर्स विद्यापीठात मॉन्टेनेकोर्ट आणि एव्हली यांनी किरणे व रसायने यांच्या साहाय्याने या बुरशीचे उत्परिवर्तित वाण निर्माण केले, आणि त्यांच्या वंशजांची मजल आता लिटरमागे १०० ग्रॅमपेक्षा अधिक प्रथिन बाहेर टाकण्यापर्यंत गेली आहे. तरीही २००८ साली तिचा जनुकसमूह वाचला गेला, तेव्हा वनस्पतीच्या भित्तिका तोडणाऱ्या विकरांची जनुके इतर बुरशींच्या मानाने थोडीच आढळली! हत्यारे मोजकी, पण ती घडविण्याची भट्टी अखंड, असा हा प्रकार.

बाकीच्या कामगिऱ्या थोडक्यात सांगतो. निळ्या जीनच्या कापडाला जुनाट रूप देण्यासाठी पूर्वी ते ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडांबरोबर धुवीत, आणि दगडांनी यंत्रेही झिजत. सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणारे विकर, घातले की धाग्याच्या पृष्ठभागावरचे तंतू सैल होतात आणि वर बसलेली नीळ त्यांच्याबरोबर सुटते. चीजसाठी वासराच्या जठरातील रेनेट लागे; ‘रायझोम्यूकर मीहाय’ या बुरशीच्या विकराने ती अडचण दूर केली, आणि शाकाहारी ग्राहकाला ही गोष्ट किती मोलाची, हे आपल्याकडे निराळे सांगणे नलगे. ‘ॲस्परजिलस नायजर’चे विकर फळांचा रस निवळ करते. १९८८ साली डेन्मार्कच्या नोवो कंपनीने कपड्यांवरील तेलकट डाग काढणारे विकर साबणाच्या चुऱ्यात घातले, तेव्हा त्याचे जनुक एका बुरशीतून काढून ज्या दुसरीत बसविले, ती होती ताकामिनेची कोजी.

पुण्याचा या इतिहासाशी दोन ठिकाणी संबंध येतो. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, आणि तेथेच ‘पेनिसिलियम फ्युनिक्युलोसम’ या बुरशीच्या सेल्युलेजवर संशोधन झाले. दुसरे म्हणजे, हरियाणातील पानिपत येथे १० ऑगस्ट २०२२ रोजी उद्घाटन झालेल्या इंडियन ऑइलच्या प्रकल्पाचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचे. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताच्या पेंढ्याची अशाच विकरांनी साखर करून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल काढावयाचे, असा त्याचा आराखडा. हा पेंढा शेतात जाळला की त्याचा धूर दिल्लीपर्यंत जातो. पण पेंढा म्हणजे नेहमी जिच्यापासून इथेनॉल काढतात ती मळी नव्हे. मळीत साखर आयतीच असते. पेंढ्यात ती सेल्युलोजच्या रूपाने लिग्निन नावाच्या कठीण द्रव्याच्या पहाऱ्यात असते. हा पहारा आधी उष्णतेने आणि रसायनाने मोडावा लागतो, आणि तरीही काही विकर उरल्यासुरल्या लिग्निनलाच चिकटून वाया जाते. शिवाय ‘ट्रायकोडर्मा’चे तिसरे विकर तुटपुंजे, त्यामुळे अर्धवट तुटलेली साखर साचून पहिल्या दोघांचा हात रोखते; ती उणीव भरून काढावयास ‘ॲस्परजिलस’चे विकर उसने आणावे लागते. एका लिटर इंधनामागे किती ग्रॅम विकर खर्ची पडावे, या एका हिशेबावर या धंद्याची बरकत अवलंबून आहे, आणि प्रयोगशाळांतील मेहनतीचा मोठा भाग तो आकडा खाली आणण्यातच खर्च होत आहे.