निगेटिव्हवरील धूळ काढणे

निगेटिव्हवरील धूळ काढणे ही छायाचित्रण व चित्रपट जतन यांतील पूर्वतयारीची क्रिया आहे. निगेटिव्ह स्कॅन करण्यापूर्वी किंवा तिच्यावरून प्रत छापण्यापूर्वी तिच्या दोन्ही बाजूंवरील सैल कण या क्रियेत दूर केले जातात. निगेटिव्ह ही मूळ प्रत असल्याने सफाई करताना तिच्यावर ओरखडा न पडणे हे धूळ निघण्याइतकेच महत्त्वाचे मानले जाते.

परिणाम

निगेटिव्हवरील कण प्रकाश अडवतो, त्यामुळे छापील प्रतीत त्या जागी पांढरा ठिपका उमटतो. ३५ मिमी फिल्मची चौकट २४ × ३६ मिमी असते. तिच्यावरून ८ × १० इंची प्रत काढताना चित्र सुमारे ८ पट मोठे होते व ०.१ मिमीचा कण ०.८ मिमी एवढा दिसतो.

कारणे

कोरड्या हवेत फिल्म हाताळताना घर्षणाने स्थिर विद्युतभार निर्माण होतो आणि तो धूळ ओढून घेतो. दमट हवेत हा भार कमी होतो. मात्र जिलेटिनच्या थरावर बुरशी वाढू शकते. वेल्हे, भोर यांसारख्या सह्याद्रीलगतच्या पावसाळी भागांत हा धोका अधिक असतो. बुरशी थरातच शिरत असल्याने ती धुळीप्रमाणे झटकून निघत नाही.

पद्धती

सफाई स्पर्शरहित उपायापासून सुरू केली जाते. सुती हातमोजे घालून निगेटिव्ह कडेने धरतात व तिरप्या प्रकाशात तपासतात. प्रथम रबरी फुग्याने हवा मारली जाते. तोंडाने फुंकल्यास थुंकीचे थेंब पडतात, म्हणून ते टाळले जाते. उरलेले कण मऊ, स्थिरविद्युतरोधी ब्रशने अलगद काढतात. कोरड्या कापडाने घासल्यास कण दाबला जाऊन थर खरवडला जातो. बोटांचे तेलकट डाग असल्यासच फिल्मसाठीचे द्रावण वापरतात. पाण्याने जिलेटिन फुगून मऊ होते.

डिजिटल उपाय

काही स्कॅनर अवरक्त किरणांनी धूळ ओळखतात. रंगीत फिल्ममधील रंगद्रव्यांतून हे किरण पार होतात, धुळीतून होत नाहीत. पारंपरिक कृष्णधवल फिल्ममधील चांदीही हे किरण अडवत असल्याने तेथे ही पद्धत उपयोगी पडत नाही. अशा निगेटिव्हची प्रत्यक्ष सफाई म्हणूनच महत्त्वाची ठरते.

चित्रपट जतन

चित्रपटात सेकंदाला साधारणतः २४ चौकटी असतात. प्रत्येक चौकटीवरील वेगवेगळे कण पडद्यावर लुकलुकताना दिसतात. लांब रिळांसाठी चिकट रबरी रूळ किंवा द्रावणातील श्राव्यातीत लहरी वापरल्या जातात. पुणे येथे १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ही भारतातील चित्रपट जतनाची प्रमुख संस्था आहे. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानात फिल्मची स्थिती तपासणे, प्रतिबंधक जतन व डिजिटलीकरण यांचा समावेश आहे. स्कॅन केलेल्या प्रतीतील ठिपके संगणकावर पुसता येतात. मूळ निगेटिव्हवर पडलेला ओरखडा मात्र कायम राहतो.