विश्लेषण : एका ‘लाइक’मुळे अटक, पालघरचे प्रकरण आणि डिस्टोपियन कादंबऱ्या

सगळे गप्प असताना वेगळे बोलणाऱ्याचे काय होते? डिस्टोपियन, म्हणजे भयाण भविष्य रंगवणाऱ्या कादंबऱ्या हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. पालघरने २०१२ मध्ये त्याचे एक उत्तर प्रत्यक्ष पाहिले.

पालघरमध्ये काय घडले?

शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे १७ नोव्हेंबर २०१२ रोजी निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबई परिसर बंद होता. या बंदबद्दल प्रश्न उपस्थित करणारी पोस्ट पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिली. तिच्या मैत्रिणीने ती ‘लाइक’ केली. जमावाने पोस्ट लिहिणारीच्या काकांच्या रुग्णालयाची तोडफोड केली आणि पोलिसांनी दोघी मैत्रिणींना अटक केली. गुन्ह्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ‘६६ अ’ लावण्यात आले. नंतर दोघींना जामीन मिळाला.

कादंबऱ्यांत काय दिसते?

जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ (प्रकाशन १९४९) मध्ये विचारांवर पाळत ठेवणारे पोलीस आहेत. पण नायकाचा शेजारी पार्सन्स याला पकडून देते ती त्याचीच लहान मुलगी. रे ब्रॅडबरी यांच्या ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) मध्ये घरात पुस्तके लपवणाऱ्या माँटॅगची तक्रार त्याची पत्नी करते. याच कादंबरीतली क्लॅरिस फक्त प्रश्न विचारते, तर लोक तिला विक्षिप्त ठरवतात. नियम सत्ता करते. माणसाला एकटे पाडण्याचे काम मात्र घरचे आणि शेजारचे करतात.

साम्य कुठे, फरक कुठे?

साम्य असे, की झळ फक्त बोलणाऱ्याला बसत नाही. इथे ती मैत्रिणीला आणि काकांनाही बसली. फरक असा, की कादंबरीतल्या माणसाला दाद मागायला जागा नसते. इथे ती होती. तोडफोड करणाऱ्यांना अटक झाली, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि तरुणींवरील प्रकरण बंद झाले. श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ‘६६ अ’ घटनाबाह्य ठरवले. मत मांडणे वेगळे आणि चिथावणी देणे वेगळे, हा भेद या निकालात स्पष्ट झाला.

प्रश्न संपला का?

नाही. कलम रद्द झाल्यावरही त्याखाली गुन्हे नोंदले जात होते. याबद्दल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धक्का व्यक्त केला. या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असा आदेश ऑक्टोबर २०२२ मध्ये आला.

जमातीच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आहे. तो जुलै २०१७ पासून लागू असून त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण प्रत्येक बहिष्कारासाठी पंचायत बसत नाही. पालघर असो की बोईसर-तारापूर, रुग्णालय कोणाचे आणि मुलगी कोणाची हे गावाला ठाऊक असते. अशा ठिकाणी न बोलता तोंड फिरवणेही पुरते.

त्या तरुणीने माफी मागितली होती आणि फेसबुक खाते बंद केले होते. पुढे प्रकरण मिटले, कलमही गेले. पण तिच्याकडे पाहून आणखी किती जणांची बोटे लिहिता लिहिता थबकली, याची नोंद कोणत्याच पोलीस ठाण्यात नाही.