हात वर न करणारं लेकरू

आपल्या बचत गटांच्या कार्यक्रमात आज बचत, कर्ज आणि हप्ते थोडे बाजूला ठेवू. आज आपण शाळेत जाणाऱ्या लेकरांबद्दल बोलणार आहोत. त्यातही जी लेकरं वर्गात गप्प बसतात, त्यांच्याबद्दल.

शाळेचं स्नेहसंमेलन झालं, २६ जानेवारीचा कार्यक्रम झाला, की गावात घरोघरी एकच विचारणा होते, "कोणाले बक्षीस भेटलं?" भाषण करणाऱ्याला भेटतं, नाचात पुढच्या रांगेत असणारीला भेटतं, पहिला नंबर काढणाऱ्याला आणि पळण्यात पुढे येणाऱ्याला भेटतं. त्यांचं कौतुक व्हायलाच पाहिजे. पण त्याच वर्गात एखादी पोरगी अशी असते की ती शाळेचा दिवस बुडवत नाही. तिची वही नेटकी असते. वर्गात पाणी सांडलं तर कोणी न सांगता ती पुसून घेते. पहिलीतल्या रडणाऱ्या लेकराला ती आपल्याजवळ बसवून घेते. तिचं नाव मात्र कोणत्याच यादीत येत नाही. चौथीपर्यंत असंच चाललं, तर आपल्यात सांगण्यासारखं काहीच नाही, असं तिच्या मनात पक्कं बसतं.

हे का होतं, ते आधी समजून घेऊ. शिक्षकांवर खापर फोडायला हा विषय घेतलेला नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक असतात. आपल्या भागातल्या लहान गावांमध्ये दोन शिक्षक आणि चार वर्ग हे नेहमीचंच चित्र आहे. त्यातच पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती आणि तालुक्याच्या बैठका. अशा धावपळीत लक्ष दोघांकडेच जातं. एक, जो पटकन उत्तर देतो. दुसरा, जो खोड्या करतो. मधली लेकरं त्रास देत नाहीत, म्हणून ती ठीकच आहेत असं धरलं जातं.

प्रश्न विचारायची पद्धतही याला कारण आहे. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या विज्ञान शिक्षणाच्या अभ्यासक होत्या. १९७० च्या दशकात त्यांनी वर्गातल्या बोलण्याचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात, असं त्यांना दिसलं. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर ते दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून टाकतात. जिथे शिक्षक ३ सेकंद किंवा त्याहून जास्त थांबू लागले, तिथे उत्तरं लांब आणि विचार करून आली. ज्यांना मागे पडलेली समजलं जात होतं, अशी मुलंही बोलू लागली. म्हणजे काही लेकरांना उत्तर येत असतं, फक्त ते ओठांवर यायला दोन सेकंद जास्त लागतात. तोवर दुसऱ्याचा हात वर गेलेला असतो.

कॅनडातल्या रॉबर्ट कोपलान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्राथमिक शिक्षकांपुढे काल्पनिक मुलांची वर्णनं ठेवली गेली. त्यात बुजरी, शांत मुलं बोलक्या मुलांपेक्षा कमी हुशार असतील आणि अभ्यासात मागे राहतील, असा शिक्षकांचा कल दिसला. गप्प म्हणजे ढ, हा समज आपल्याकडेही आहे. आपण आईबापही पाहुण्यांसमोर सहज म्हणून जातो, "आमचं हे घुम्मंच आहे, याले काही बोलता येत नाही." लेकरू शेजारीच उभं असतं. ते ऐकतं आणि तसंच वागू लागतं.

पोरींच्या बाबतीत यात अजून एक गाठ आहे. घरात आपण पोरीला "हळू बोल, मोठ्यांच्या मधात बोलू नको" असं शिकवतो. गप्प राहिली की ती गुणाची पोर ठरते. मग तीच पोर शाळेत गप्प बसली की मोजणीतून सुटते.

पण प्रत्येक गप्प लेकराच्या गप्प राहण्याचं कारण एकच नसतं. आईला हे कारण ओळखता आलं तर अर्धं काम होतं.

पहिलं कारण स्वभाव. काही माणसं कमी बोलतात, आधी बघतात, मग पाऊल टाकतात. असं लेकरू दोन-तीन मित्रांमध्ये खुलतं, घरी बोलतं, शाळेत आनंदानं जातं. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. त्याला धाकानं बोलकं करायला जाऊ नये.

दुसरं कारण भाषा. आपल्या घरी आपण "मले येते", "तुले काहून पाहिजे" असं बोलतो. पुस्तकात "मला येतं" असतं. पहिलीतलं लेकरू उत्साहानं "मले येते" म्हणालं आणि वर्ग हसला, की पुढच्या वेळी उत्तर येत असूनही ते तोंड उघडत नाही. वऱ्हाडी ही चूक नाही, ती आपली बोली आहे. तिच्यातून पुस्तकाच्या भाषेकडे जायला लेकराला थोडा वेळ लागतो. मेळघाटात, म्हणजे धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, ही अडचण आणखी मोठी आहे. तिथल्या कोरकू लेकरांची घरची भाषा मराठीच्या कुळातलीसुद्धा नाही, ती मुंडा कुळातली आहे. घरी कोरकू आणि वर्गात एकदम मराठी, मग लेकरू गप्प बसणारच. शेतमजुरीसाठी आईबापांबरोबर गाव बदलणाऱ्या लेकरांचीही अशीच गत होते. नवीन वर्गात त्यांना कोणी ओळखत नाही आणि ओळख होईपर्यंत निघायची वेळ येते.

तिसरं कारण भीती. आधी बोलकं असलेलं लेकरू अचानक गप्प झालं, शाळेत जायच्या वेळी रोज पोट दुखू लागलं, अंथरूण ओलं करू लागलं, तर तो स्वभाव समजू नका. कोणी चिडवतं का, मारतं का, घरातल्या भांडणाचा ताण आहे का, कोणी नको तसा हात लावला का, हे शांतपणे, एकट्यात, रागावता न येईल अशा सुरात विचारा.

चौथं कारण कान किंवा डोळे. ज्याला नीट ऐकूच येत नाही, ते हात वर कशाला करेल? कान वाहतो का, हाक मारल्यावर एकच कान पुढे करतं का, टीव्हीचा आवाज मोठा करतं का, विचारलं एक आणि सांगितलं दुसरंच असं होतं का, हे बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात आरोग्य पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येऊन लेकरांची मोफत तपासणी करतं. पथक येणार असेल तेव्हा आपली शंका शिक्षकांना आधीच सांगून ठेवा. गप्प लेकरू डॉक्टरांनाही स्वतःहून काही सांगत नाही.

पाचवी गोष्ट थोडी वेगळी आहे. काही लेकरं घरी भरभरून बोलतात, पण शाळेत एक शब्दही काढत नाहीत. शाळेचा पहिला महिना सोडला, तर त्यानंतर महिनाभराहून जास्त असंच राहिलं की तो हट्ट समजू नये. त्या लेकराला भीतीनं बोलताच येत नसतं. अशा वेळी "बोल, नाहीतर जेवू देणार नाही" असला धाक किंवा चॉकलेटची लालूच दोन्ही उलटे पडतात. सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचा सल्ला घ्यावा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

म्हणजे बघा मैत्रिणींनो, प्रश्न फक्त बक्षिसाचा राहत नाही. ज्या लेकराचा चांगुलपणा दिसत नाही, त्याची अडचणही दिसत नाही. गप्प लेकराला वाचता येत नसेल तर तेही उशिरा कळतं, कारण सगळ्यांबरोबर ओठ हलवून ते पाढे आणि कविता निभावून नेतं.

आता नियम काय सांगतो ते बघू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २९ मध्ये म्हटलं आहे की शिक्षणानं मूल भीती, दडपण आणि चिंतेपासून मुक्त व्हावं आणि त्याला आपलं मत मोकळेपणानं मांडायला मदत व्हावी. शक्य असेल तिथे शिकवणं मातृभाषेतून असावं, असंही त्याच कलमात आहे. याच कायद्याला धरून महाराष्ट्रानं २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. नाव जड आहे, अर्थ सोपा आहे. लेकराचं मोजमाप एका परीक्षेवर न करता वर्षभर वेगवेगळ्या पद्धतींनी करायचं. त्या निर्णयात आकारिक मूल्यमापनाची आठ साधनं दिली : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम किंवा कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य आणि इतर. पहिली आणि दुसरीला या रोजच्या कामाला १०० पैकी ७० गुणांचा भार ठेवला.

यात आपल्या कामाचं काय आहे? आठ साधनांत तोंडी काम हे एकच आहे. यादीत सगळ्यात आधी येतं ते दैनंदिन निरीक्षण, म्हणजे शिक्षकांनी लेकराकडे रोज बघणं. शिवाय प्रत्येक लेकराबद्दल वर्णनात्मक नोंदी करायच्या असतात : विशेष प्रगती, आवड आणि छंद, सुधारणा कुठे हवी. गप्प लेकराची दखल घ्यायची जागा कागदावर आधीपासून आहे. ती नोंद सगळ्यांना सारखीच, "उपक्रमात सहभागी होतो" अशी झाली, की ती जागा वाया जाते.

म्हणून पालकसभेला गेलो की "आमचं लेकरू कसं आहे?" असं विचारू नका. त्याला "ठीक आहे" हेच उत्तर येतं. त्याऐवजी असं विचारा : "सर, याला कोणतं काम मनापासून करताना तुम्ही पाहिलं?" "मॅडम, हिची मैत्रीण कोण आहे?" "जेवणाच्या सुट्टीत ती कोणाजवळ बसते?" "या महिन्यात तिनं वर्गात काय नवीन केलं?" उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल. पुढचे आठ दिवस शिक्षकांचं लक्ष त्या लेकराकडे नक्की जाईल. आपणही माहिती द्या. घरी ती शेळीला औषध पाजते, भावाला गणित समजावते, दुकानाचा हिशेब तोंडी करते, हे शाळेला कोण सांगणार? आपणच सांगायचं.

दुसरी जागा शाळा व्यवस्थापन समिती. कायद्यानं तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. आपल्या गटांतल्या किती तरी जणी या समितीवर आहेत. सही करून परत येण्याऐवजी तिथे दोन गोष्टी मांडता येतात. एक, वर्षाच्या कार्यक्रमात कोणाकोणाचं नाव आलं याची यादी वर्षाच्या शेवटी बघायची, म्हणजे कोण राहून गेलं ते कळतं. दोन, प्रश्न विचारल्यावर मुलांना आधी शेजाऱ्याशी बोलू द्यायचं, मग वर्गासमोर सांगायला लावायचं. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली. तिला ना पैसा लागतो, ना साहित्य. शेजारच्या एकाला सांगून झालं की लेकराची भीड अर्धी उतरते.

आपल्या बैठकीत आपण दुसरं काय करतो? नवीन गटात दोघी-तिघीच बोलतात, बाकीच्या पदराआडून ऐकतात. मग आपण गोल बसतो, एका बाजूनं प्रत्येकीनं एक वाक्य बोलायचं ठरवतो, अध्यक्षपद फिरतं ठेवतो. सहा महिन्यांनी कळतं की हिशेबाची सगळ्यात पक्की बाई ती कोपऱ्यात बसणारी होती. वर्गातही असंच आहे.

कौतुक कसं करावं, याबद्दलही थोडं बोलू. गप्प लेकराला ओढून माईकसमोर उभं केलं की त्याला ती शिक्षा वाटते. त्याच्याजवळ जाऊन, नेमकं काय आवडलं ते हळूच सांगितलं तर ते जास्त दिवस टिकतं. "शाब्बास, हुशार आहेस" यापेक्षा "तू काल गणित तीनदा खोडून पुन्हा सोडवलंस, ते मी पाहिलं" हे लेकराला कळतं. सगळ्यांना एकेक पेन वाटून मान दिल्यासारखं करू नये. लेकरं फसत नाहीत. नेमकी गोष्ट, नेमक्या लेकराला, एवढं पुरे.

आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घेऊन गाव झाडत, रात्री कीर्तन करत. काम आधी, बोलणं मागून. ज्या मातीत हा माणूस जन्मला, तिथल्या शाळेत काम करणाऱ्या पण न बोलणाऱ्या लेकराला जागा असलीच पाहिजे.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एक करा. रात्री लेकरू जवळ आलं की "आज काय शिकवलं?" असं न विचारता "आज कोणाजवळ बसला होतास?" असं विचारा. विचारल्यावर थोडं थांबा. भाकरी थापता थापता थांबलात तरी चालेल. जे ऐकायला मिळेल ते पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगू, आणि ज्या लेकराचं नाव कोणीच घेतलं नाही, त्याच्या शिक्षकांना भेटायला दोघी-तिघी मिळून जाऊ.