मधुमेहींची पादत्राणे उंबऱ्याबाहेर का राहतात?

मधुमेही रुग्णांसाठी खास पादत्राणे मिळतात. आत मऊ तळ, बोटांना ऐसपैस जागा, टाचेमागे पट्टा. आम्ही डॉक्टर ती लिहून देतो, रुग्ण पैसे मोजून घेतातही. पण पुढच्या खेपेस साध्या चपलेतच येतात. गडमुडशिंगीहून येणाऱ्या रुग्णांना मी कारण विचारतो, तेव्हा ‘दिवसभर घरातच तर असतो, घालायची कधी?’ हे उत्तर हमखास मिळते. याला नुसता हलगर्जीपणा म्हणणे मला पटत नाही.

नवी कोल्हापुरी चप्पल चावते, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. चावली की आपण तिला तेल लावतो किंवा काढून ठेवतो. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा निकामी होत जातात आणि हे चावणेच कळेनासे होते. अंगठ्याला फोड येतो, फुटतो, त्यात पू होतो. रुग्ण मात्र चालतच असतो. चप्पल वाटेत पायातून निसटली तरी काहींना पत्ता नसतो. चष्मा लावला की लगेच स्पष्ट दिसते. या पादत्राणाने लगेच जाणवावे असे काहीच घडत नाही. दुखतच नाही, तर ही अवजड वस्तू पायात कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे.

त्यात आपल्या घरची रीत. चपला उंबऱ्याबाहेर. स्वयंपाकघरात, देवघरात तर नावच नको. नवरात्रात अनेकजण अनवाणी राहतात, चैत्रात जोतिबाला तापलेल्या दगडी फरशीवरून जातात. बधिर तळव्याला तो चटका कळत नाही, सायंकाळी फोड दिसतो.

हा प्रश्न आपल्यापुरताच नाही. नेदरलँड्समध्ये पूर्वी जखम झालेल्या मधुमेहींच्या बुटांत यंत्र बसवून पाहणी केली होती. २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. बाहेर टाकलेल्या पावलांपैकी सरासरी ८७ टक्के पावले खास बुटांत पडत, घरात फक्त ६१ टक्के. आणि एकूण पावले घरातच जास्त पडत होती! म्हणजे जिथे चालणे अधिक, तिथेच पाय उघडा.

लोकलज्जेबद्दल रुग्ण सहसा बोलत नाहीत. मऊ एमसीआर रबराच्या चपला आपल्याकडे प्रथम कुष्ठरोग्यांसाठी वापरात आल्या. त्या पायात दिसल्या की शेजारीपाजारी काय म्हणतील, ही धास्ती असते, विशेषतः स्त्रियांना. कारागिराने वरचे पट्टे नेहमीच्या चपलेसारखे, चामड्याचे केले तर निम्मे काम होईल. कोल्हापुरात असे हात कमी नाहीत.

घरासाठी वेगळा जोड हा मला सर्वांत उपयोगी उपाय वाटतो. तो अंगणातसुद्धा न्यायचा नाही, म्हणजे घरच्यांची तक्रार राहत नाही. देवपूजा बसून करावी आणि बसल्यावरच तो काढावा. पाय संध्याकाळी थोडे सुजलेले असतात, म्हणून माप त्या वेळी द्यावे. बधिर पायाला मापाची चप्पल सैल वाटते व रुग्ण घट्ट मागतो. दुकानदाराने ते ऐकू नये. नवा जोड पहिले काही दिवस तासभरच घालावा. काढल्यावर आरशात तळवा पाहावा, दिसत नसेल तर नातवंडाला पाहायला सांगावे. लाल डाग बराच वेळ टिकला तर तो जोड बनवणाऱ्याकडे परत न्यावा. कातडी सोललेली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे यावे.