जोखीम शहरात, दगावणे खेड्यात
शहरी धकाधकी हृदय पोखरते आणि गावची मोकळी हवा ते जपते, हा समज निम्माच खरा आहे. भारतासह १७ देशांतील दीड लाखांहून अधिक व्यक्तींच्या पाहणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने प्रसिद्ध केले. हृदयविकाराची जोखीम वाढवणारे घटक शहरांत अधिक आढळले. झटके, पक्षाघात यांसारख्या घटना मात्र ग्रामीण भागात अधिक. त्यांत दगावणाऱ्यांचे प्रमाण शहरांत १३.५२, तर खेड्यांत १७.२५ टक्के होते.

रक्तवाहिनीत गुठळी अडकली की हृदयाचे स्नायू मिनिटागणिक मरू लागतात. आपल्या गावांत अनेकदा छातीतील कळ पित्ताची समजून ओवा चावत रात्र काढली जाते. मग ईसीजीसाठी तालुका आणि अँजिओप्लास्टीसाठी जिल्हा गाठेपर्यंत गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनाची वेळही टळलेली असते.