गाडीवरचा डाग: घासण्याआधी ओळखा

गाडीच्या रंगावर सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. खालच्या रंगाला उन्हापासून तोच वाचवतो आणि एकदा झिजला की भरून येत नाही. म्हणून डाग कशाचा आहे हे आधी ओळखायला हवं. चुकीच्या समजुतींपायी केलेले उपाय अनेकदा डागापेक्षा महाग पडतात.

गैरसमज: पक्ष्याची शिट रविवारी गाडी धुताना काढली तरी चालते.
वस्तुस्थिती: तिच्या पांढऱ्या भागात यूरिक ॲसिड असतं. उन्हात बॉनेट तापलं की क्लिअर कोट मऊ पडतो, आणि गार होताना वाळलेल्या शिटेभोवती आक्रसतो. तिथे कायमचा निस्तेज ठसा उमटतो. कडक उन्हात त्याला काही तासही पुरतात. सुकी शिट खरवडू नका. तिच्यात रेतीचे कण आणि बिया असतात. ओला फडका दहा मिनिटं ठेवा, मऊ झाली की अलगद उचला.

गैरसमज: पाण्याचे पांढरे ठिपके पुढच्या धुण्यात जातात.
वस्तुस्थिती: हे बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्याच पाण्याने पुन्हा धुतलं तर थर वाढतो. गाडी सावलीत, गार असताना पांढरं व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून फडक्याने लावा आणि मिनिटभरात धुऊन टाका. धुतल्यावर गाडी आपोआप वाळू देऊ नका, मायक्रोफायबरने टिपून घ्या.

गैरसमज: पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके आले म्हणजे पत्रा गंजला.
वस्तुस्थिती: बहुतेक वेळा ते बाहेरून येऊन रुतलेले लोखंडाचे कण असतात. रेल्वे रुळांजवळ किंवा कारखान्यालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर ते हमखास दिसतात, ब्रेकमधूनही उडतात. धुतलेल्या पत्र्यावरून पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बोटं फिरवा, खरखर लगेच जाणवेल. आयर्न रिमूव्हर फवारला की या कणांपासून जांभळे ओघळ सुटतात. ते वाळण्याआधी धुवा. उरलेले कण शाम्पूच्या भरपूर पाण्यासोबत क्ले बार (कण ओढून घेणारी चिकणमातीसारखी वडी) हलक्या हाताने फिरवून निघतात. रंग फुगून पापुद्रे सुटत असतील, तर मात्र तो खरा गंज. गाडी गॅरेजला न्या.

गैरसमज: डांबर आणि झाडाचा चीक थिनरशिवाय निघत नाही.
वस्तुस्थिती: थिनर रंगच मऊ करतो. एखादा भाग नंतर रंगवलेला असेल, तर धोका आणखी मोठा. डांबराला टार रिमूव्हर पुरतो. रॉकेलनेही ते सुटतं, पण सोबत वॅक्सही जातं, म्हणून लगेच शाम्पूने धुवावं लागतं. चिकाला फडक्यावर घेतलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं.

गैरसमज: रबिंग कंपाउंड म्हणजे सगळ्या डागांवरचं औषध.
वस्तुस्थिती: कंपाउंड डागाभोवतीचा क्लिअर कोटच घासून कमी करतं. आधी पाणी, मग शाम्पू, मग त्या-त्या डागाचं द्रव्य, मग क्ले बार, आणि हे सगळं हरल्यावरच पॉलिश, असा क्रम ठेवा. मशीन पॉलिश करून घेणार असाल, तर आधी मीटरने रंगाची जाडी मोजायला सांगा. न मोजता मशीन लावणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका.