काम वाढलं, पण घडी मोडू नये: पिंपळवंडीतल्या छोट्या वेब एजन्सीचा अनुभव

गावात वेबसाइटचं काम चालतं, असं सांगितलं की आजही लोक दोनदा विचारतात, "इथं? पिंपळवंडीत?" होय, इथंच. पुणे-नाशिक रस्ता हाकेवर, आळेफाटा जवळ, नारायणगावची बाजारपेठ शेजारी. टोमॅटोचे आडतदार, द्राक्षवाले, कृषी पर्यटन केंद्रं, शाळा, दवाखाने, पतसंस्था, सगळ्यांना आता वेबसाइट हवी असते. जुन्नर तालुका २०१८ मध्ये पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाटला येणाऱ्यांसाठी खोल्या देणाऱ्यांचीही भर पडली. काम कमी नाही. अडचण निराळीच आहे, आणि आपल्या समाजातली अनेक मुलं सध्या हाच धंदा सुरू करत असल्याने ती मोकळेपणाने सांगायला हवी.

आम्ही दोघं होतो तेव्हा सगळं डोक्यात असायचं. सात जण झालो आणि एका शाळेच्या वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, नूतनीकरण करायचं राहून गेलं. ऐन प्रवेशाच्या दिवसांत साइट बंद. प्रत्येकाला वाटत होतं की ते दुसऱ्याने केलं असेल. कोणी कामचुकार नव्हतं. काम वाढलं होतं आणि कामाची रीत मात्र दोन माणसांचीच राहिली होती. मुख्याध्यापकांनी आवाजही चढवला नाही. "तुमच्यावर सोडलं होतं आम्ही," एवढंच म्हणाले. ते वाक्य आम्हाला फार लागलं. कारण ग्राहकाचं डोमेन, पासवर्ड, माहिती ही आपल्याकडे अमानत असते.

माणसं वाढली की काय वाढतं?

दोन माणसांत बोलण्याची एकच वाट असते. तीन माणसांत तीन. सात माणसांत एकवीस. हिशोब सोपा आहे: माणसांच्या संख्येला तिच्यातून एक वजा करून आलेल्या आकड्याने गुणायचं आणि निम्मं करायचं. म्हणजे माणसं साडेतीन पट झाली, पण निरोप हरवायच्या जागा एकवीस पट झाल्या. अमेरिकेतले संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसं घातली तर ते काम अजून लांबतं. नव्या माणसाला शिकवायला जुन्याचाच वेळ जातो, आणि तेवढा वेळ मूळ काम थांबतं. त्यामुळे "काम उरकत नाही, घ्या अजून एक पोरगा" हे औषध बहुतेक वेळा उलटंच पडतं. आधी रीत बसवायची, मग माणूस घ्यायचा.

रीत शिकायला लांब जायला नको

मुंबईच्या डबेवाल्यांचं नाव जगभर आहे. त्यातली बहुतेक माणसं आपल्याच भागातली: राजगुरुनगर, आंबेगाव, जुन्नर, मावळ, मुळशी. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं. पुढे सुमारे पाच हजार माणसं रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोहोचवू लागली. २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यांच्यावर अभ्यास लिहिला. शाळा फारशी न शिकलेली माणसं, हातात संगणक नाही, तरी चूक क्वचितच. हे कसं जमतं? आमच्या धंद्याला लागू पडतील अशा चार गोष्टी त्यात दिसतात.

पहिली, झाकणावरची खूण. डबा कुठून आला, कुठल्या भागात, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर जायचा आहे, एवढंच तिथं लिहिलेलं असतं. जास्तीचं काही नाही. ज्याच्या हातात डबा येईल त्याला कोणालाही न विचारता पुढचं पाऊल कळतं. दुसरी, छोट्या तुकड्या. सगळी माणसं एका साहेबाखाली नाहीत. वीस-पंचवीस जणांचा गट, त्याचा मुकादम, आणि गटाचा हिशोब गटाकडे. तिसरी, प्रत्येक गटात एखादा जादा माणूस. कोणी आजारी पडला, गाडी चुकली, तर तो धावतो. चौथी गोष्ट सगळ्यात कठीण: डबा ठरलेल्या मापाचा आणि ठरलेल्या वेळेलाच तयार हवा. वारंवार उशीर करणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सोडून देतात, कारण एकाच्या उशिरापायी बाकीच्यांची लोकल चुकते.

हेच आम्ही आमच्याकडे लावलं. प्रत्येक कामाचं एक पान केलं. त्यावर ग्राहक कोण, मजकूर आला का, आराखडा मंजूर झाला का, आत्ता काम कोणाच्या हातात आहे, पुढचं पाऊल काय आणि कोणत्या तारखेला. बस. व्हॉट्सअॅपवर ठरलेली गोष्ट त्या पानावर चढली नाही, तर ती ठरलीच नाही असं समजायचं. सुरुवातीला पोरं कुरकुरली. महिनाभरात "भाई, ते कोणाकडे आहे?" हा प्रश्न दिवसातून वीस वेळा ऐकू येत होता, तो जवळजवळ बंद झाला.

यादी म्हणजे अपमान नव्हे

मुरलेल्या कारागिराला यादी पाहून काम करायला सांगितलं की त्याला वाटतं, आपल्याला काही येत नाही असं समजतायत. इथं डॉ. अतुल गावंडे यांचं उदाहरण द्यावंसं वाटतं. त्यांच्या वडिलांचं मूळ विदर्भातलं. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या गटाने शस्त्रक्रियेआधी आणि नंतर तपासायची १९ मुद्द्यांची यादी केली. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली आणि २००९ मध्ये निष्कर्ष आले. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले होते. सर्जनला यादी लागते, तर आपल्याला का नको?

साइट सुरू करण्याआधीच्या आमच्या यादीतले काही मुद्दे असे:

– डोमेन ग्राहकाच्याच नावावर आहे का? त्याची मुदत दोन जणांच्या कॅलेंडरमध्ये टाकली का?
– मराठी मजकूर युनिकोडमध्ये आहे का? छापखान्यातून आलेला मजकूर बऱ्याचदा जुन्या फॉन्टमध्ये असतो. आपल्या संगणकावर तो नीट दिसतो आणि ग्राहकाच्या मोबाइलवर खिचडी होते. जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासायचे.
– साध्या, स्वस्त मोबाइलवर आणि कमी रेंजमध्ये साइट किती वेळात उघडते?
– चौकशीचा फॉर्म भरून पाहिला का, आणि तो ग्राहकाला खरंच पोहोचला का?
– बॅकअप घेतला का, आणि तो परत बसवून पाहिला का? परत बसवून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नये.

डोमेनबद्दल एक गोष्ट सगळ्यांनीच लक्षात ठेवावी. डॉट कॉम नावाची मुदत संपली की नोंदणी करणाऱ्या कंपन्या सहसा काही दिवसांची सवलत देतात. नाव रद्द झाल्यावर ३० दिवस जादा पैसे भरून ते परत मिळवता येतं. त्यानंतर ५ दिवसांनी ते कोणालाही मोकळं होतं. आमच्या शाळेचं नाव सवलतीतच परत मिळालं, अल्हम्दुलिल्लाह. पण प्रवेशाचे गेलेले दिवस परत मिळाले नाहीत.

एका वेळी किती कामं घ्यायची?

समजा महिन्याला चार साइट पूर्ण होतात आणि हातात बारा कामं आहेत. म्हणजे प्रत्येक ग्राहकाला सरासरी तीन महिने लागणार. हातात सहाच घेतली, तर दीड महिना. काम करायचा वेग तोच, माणसं तीच, पण वाट पाहणं निम्मं. जॉन लिटल या अभ्यासकाने १९६१ मध्ये हे गणिताने सिद्ध केलं. टोलनाक्यावरच्या रांगेला ते लागू पडतं आणि आमच्या टेबलालाही.

म्हणून आलेल्या प्रत्येक ग्राहकाला "हो, लगेच करतो" म्हणणं ही मदत नाही. "तुमचं काम पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला हातात घेऊ" हे खरं सांगणं बरं. काहीजण निघून जातात. जे थांबतात ते टिकतात. वायदा करून मोडण्यापेक्षा आधीच नाही म्हणणं दीनच्या दृष्टीनेही बरं आणि धंद्याच्या दृष्टीनेही.

करार कागदावर

"आपलीच माणसं आहेत, कागद कशाला?" हे वाक्य आम्ही फार ऐकलं. कुरआनमधली सर्वात मोठी आयत सूरह बकराची २८२ वी आहे. ती मुदतीचा देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, आणि रक्कम लहान असली तरी लिहायचा कंटाळा करू नये, हे शिकवते. म्हणजे लिहून घेणं हा अविश्वास नाही, उलट नातं सांभाळायचा तो मार्ग आहे. आणि जुन्नर तर एके काळी मुस्लिम कागदी कारागिरांच्या हातकागदासाठी ओळखलं जायचं. तिथल्या माणसांनी कागदाला काय घाबरायचं!

फिकहमध्ये ऑर्डरप्रमाणे वस्तू बनवून देण्याच्या कराराला इस्तिस्ना म्हणतात. काय बनवायचं त्याचं वर्णन आणि किंमत आधी स्पष्ट हवी, पैसे मात्र आधी, टप्प्याटप्प्याने किंवा नंतर घेता येतात. वेबसाइटच्या कामाला ही चौकट चांगली बसते. आमच्या करारात आता पानं किती, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, मजकूर कोण देणार आणि कधीपर्यंत, हे असतं. दोन फेऱ्यांपुढची दुरुस्ती वेगळ्या पैशात. पैसे तीन टप्प्यांत: सुरुवातीला, आराखडा मंजूर झाल्यावर, आणि साइट सुरू होण्याआधी. "थोडंसंच बदलायचंय" हे वाक्य छोट्या एजन्सीचा जीव काढतं. करारामुळे भांडण न होता त्याला उत्तर देता येतं.

पैसा: व्याजाशिवाय वाढ

वाढीसाठी कर्ज काढावं, असं सल्लागार सांगतात. व्याज टाळायचं असेल तर वाढ संथ होते, हे खरं. पण अगदी अडून बसत नाही. आधी घेतलेला पहिला टप्पा आणि वार्षिक देखभालीचे पैसे, या दोन गोष्टींवर खेळतं भांडवल उभं राहतं. देखभालीच्या पैशातून पगारांचा किती भाग निघतो, हे दर महिन्याला पाहायचं. तीन महिन्यांचे पगार बाजूला साठल्याशिवाय नवा माणूस कायम करायचा नाही, हा आमचा नियम.

सेवा देणाऱ्यांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि वेबसाइटच्या कामावर १८ टक्के कर येतो. तो पैसा आपला नाही. आला की वेगळ्या खात्यात टाकावा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, ती जरूर करावी. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, असं २००६ चा कायदा सांगतो. उशिरावर व्याजाचीही तरतूद आहे. ते आपल्याला घ्यायचं नसलं, तरी मुद्दल मागायला कायद्याचा आधार आहे, तो सोडू नये.

जकातीचाही हिशोब ठेवावा. साल पूर्ण झालं आणि निसाब असेल, तर शिलकीवर आणि खात्रीने येणाऱ्या येण्यावर अडीच टक्के. कामात वापरायचे संगणक आणि टेबल-खुर्च्या त्यात येत नाहीत. आगाऊ घेतलेल्या पैशांबद्दल मात्र आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारून घ्यावं.

रात्रीचं काम आणि ऊस

शेवटी आमच्या भागातली एक गोष्ट. शहरातली एजन्सी रात्री अकरापर्यंत बसली तर पोरं रिक्षाने घरी जातात. इथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि उसात बिबट्या. कामाची घडी मोडली की आमचा मुलगा रात्री मोटरसायकलवरून त्या उसातून जातो आणि त्याची अम्मी दारात बसून राहते. तारीख चुकण्याची खरी किंमत ती मोजते. म्हणून संध्याकाळी सातला संगणक बंद, हा नियम आम्ही केला. जुम्याची दुपार आणि रमजानचे कमी तास वर्षाच्या आराखड्यात आधीच धरले. रमजानमध्ये कोणतीही साइट सुरू करायची तारीख द्यायची नाही, असंही ठरवलं. आमच्याकडच्या हिंदू सहकाऱ्यांच्या गावच्या यात्रा आणि दिवाळीही त्याच आराखड्यात आहेत.

या सगळ्याने आम्ही फार मोठे झालो असं नाही. अजून सातच आहोत. फरक एवढाच, की पूर्वी एक जण आजारी पडला की काम थांबायचं, आता थांबत नाही. आपल्यापैकी कोणी असं काम सुरू करत असेल, तर पहिला माणूस घेण्याआधी एक वही घ्या. आज आपण जे डोक्यात ठेवून करता ते त्यात लिहा. लिहिल्यावर ते दुसऱ्याला वाचून करता आलं, तर समजा वाढायला हरकत नाही. नाही करता आलं, तर अजून थोडं थांबा.

आणि हो, त्या शाळेचं काम आजही आमच्याकडेच आहे. डोमेनची तारीख आता तीन ठिकाणी लिहिलेली आहे. त्यातलं एक ठिकाण मुख्याध्यापकांच्या टेबलावरचं कॅलेंडर आहे.